मेजर साळूभाऊंची डबल बेल

परग्रहाकडे निघालेल्या यानाच्या दारात उभं राहून "आत सरका, आत सरका, दारात गर्दी करू नका" असं सैनिकांना बजावणारा लष्करी अधिकारी मी आयुष्यात एकच पाहिला. मालिकेतलं त्याचं नाव मेजर प्रभंजन. खरं नाव साळुबा, जालना-जाफराबाद गाडीचे कंडक्टर. आम्ही अपडाऊनवाले त्यांना साळूभाऊ म्हणायचो, आणि मालिका लागल्यावर मेजर म्हणायला लागलो. दोन्ही हाकांना ते सारखेच वळून बघायचे आणि दोन्ही वेळेला पहिला प्रश्न एकच असायचा, "कोणी ऱ्हायलं का?"

मी जाफराबादला एका शाळेत विज्ञान शिकवते आणि राहते जालन्यात. सकाळी पावणेआठची गाडी, संध्याकाळी साडेपाचची गाडी, असा माझा बारा-तेरा वर्षांचा नेम. दोन्ही गाड्यांना बहुतेक वेळा साळूभाऊच असायचे. सरळ उभे राहिले तर डोकं टपाला लागायचं, म्हणून गाडीत ते कायम मान थोडी वाकवून चालायचे, आणि त्यामुळे तिकीट देतानाही आपल्याला नमस्कार करताहेत असं वाटायचं. मिशी भरघोस, खाकी कपड्यांना रोज कडक इस्त्री. खांद्यावरच्या बॅगेत तिकिटाचं मशीन सोडून बाकी सगळा संसार: ओकारी येणाऱ्यांसाठी प्लास्टिकच्या पिशव्या, सेफ्टी पिना, आवळ्याच्या गोळ्या, आणि कोणाकोणाचे पोचवायचे डबे. कोण कुठं उतरणार आणि कोणाला कुठं डुलकी लागते हे त्यांना तोंडपाठ होतं. मला राजूर सोडलं की झोप लागायची. टेंभुर्णी आली की माझ्या सीटच्या दांडीवर टकटक व्हायची आणि वरून आवाज यायचा, "म्याडम, उठा. पेपर तपासायचे व्हते न?"

त्यांची एक सवय मात्र नव्या माणसाला चमत्कारिक वाटायची. प्रत्येक थांब्यावरून गाडी सुटायच्या आधी ते माणसं मोजायचे. मशीन सांगतं किती तिकिटं फाडली ते. पण त्यांचा मशीनवर भरवसा नव्हता. प्रत्येक सीटच्या पाठीवर पेनानं टक, टक करत मागपर्यंत जायचे, परत यायचे, दारातून बाहेर डोकावून नळाकडे आणि कँटीनकडे एक नजर टाकायचे, आणि मगच डोक्यावरची दोरी दोनदा ओढायचे. टिंग टिंग. ती डबल बेल झाली की आमचे ड्रायव्हर रफिकभाई गिअर टाकायचे. कडेवरचं लेकरूसुद्धा साळूभाऊ मोजायचे. एकदा एक बाई म्हणाली, "अहो, याला तिकीटच नाही, याला कशाला मोजता?" तर म्हणाले, "तिकीट नसंल बाई. पण मागं ऱ्हायलं तं रडंल का न्हाई?"

चतुर्थीला राजूरच्या गणपतीची गर्दी असते. त्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तरी हा माणूस त्या गर्दीतून अंग चोरत, लोकांच्या शिव्या खात, मागच्या सीटपर्यंत मोजत जायचा. उशीर व्हायचा. शाळेत हजेरीवर माझ्या नावापुढे लाल शेरा यायचा. एकदा मी चिडून रफिकभाईंना म्हटलं, तुम्ही तरी सांगा त्यांना. रफिकभाईंनी गाडी चालवता चालवता मला जे सांगितलं, त्यानंतर मी कधी काही बोलले नाही.

"म्याडम, ये बात पुरानी हाय," रफिकभाई म्हणाले. "ऐसाच चतुर्थीचा दिवस व्हता. साळूभाऊ तवा नवा नवा व्हता, जल्दी जल्दी करायचा. राजूरला गाडी थांबली. एक बाई बाटली घिऊन नळावर उतरली, पोरगी सीटवर झोपेल व्हती. यानं पाह्यलं न्हाई. डबल बेल दिली, म्या गाडी काढली. चार किलोमीटर गेलो अन् पोरगी उठली. असा आवाज केला म्याडम, का म्या ब्रेकच मारला. गाडी वळवली. लोक बोंबलून राह्यले. वापस आलो तं ती बाई डांबरीवरून पळत यिऊन राह्यलती. पायात चप्पल न्हाई. हातात बाटली तशीच भरेल."

"मग? शिव्या घातल्या असतील तिनं."

"तेच तर! एक लफ्ज न्हाई बोलली. वर चढली, पोरीला छातीशी धरलं. मंग साळूभाऊकडं पाह्यलं. त्याचे हातपाय कापून राह्यलते. तर तिनं तीच बाटली त्याच्यापुढं धरली. म्हणाली, भाऊ, पाणी प्या." रफिकभाईंनी पुढच्या काचेतून बघत मान हलवली. "तवापासून मोजतो."

आता त्यांच्या लष्करी कारकिर्दीकडे येते.

एका वर्षी मे महिन्यात टेंभुर्णीच्या पुढच्या एका दगडखाणीत शूटिंगवाले आले होते. 'मोहीम शततारका' नावाची मुलांची विज्ञानमालिका होती. आमच्याकडची उजाड, लालसर मुरमाची टेकडी बघून त्यांना तो परग्रहच वाटला. आम्हाला राग यावा की अभिमान वाटावा, हे गावात बरेच दिवस ठरत नव्हतं. एके दुपारी शॉट चालू म्हणून त्यांनी रस्ता अडवला आणि आमची गाडी थांबली. काय झालं बघायला साळूभाऊ खाली उतरले. उंच देह, मिशी, इस्त्रीची खाकी, छातीवर बिल्ला. लांबून डायरेक्टरला उन्हाच्या झळांत नुसता गणवेशातला माणूस दिसला. त्यांचा मेजर झालेला नट मुंबईचा, त्याला सकाळीच ऊन लागलं होतं आणि सगळे त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. डायरेक्टर भोंग्यातून ओरडला, "मेजर! तिकडे काय करताय? इकडे या आणि रिपोर्ट द्या!"

साळूभाऊंना वाटलं, तपासणी पथक आहे. या लोकांचा काही नेम नसतो, कुठल्याही वेषात येतात. टाचा जुळवून ते जागच्या जागी ताठ उभे राहिले आणि सगळ्या खाणीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी रिपोर्ट दिला, "तिकिटं बावन्न, माणसं बावन्न, कडेवरचं एक, कोणी बाकी न्हाई!"

डायरेक्टर जवळ आला, बिल्ला वाचला, एकदा वर मिशीकडे बघितलं आणि म्हणाला, "हे परत एकदा म्हणाल का?"

संध्याकाळच्या गाडीत साळूभाऊ माझ्या सीटजवळ येऊन हळूच म्हणाले, "म्याडम, ते लोक मला मेजर व्हा म्हणून राह्यले. म्या म्हणलं, साहेबांना इचारून रजा काढावं लागंल. अन् एक सांगू का? त्यांना इज्ञानाचं बिलकुल समजत न्हाई. तुम्ही बी चला."

अशी मी मालिकेची विज्ञान सल्लागार झाले. मानधन म्हणून रोज दोन वेळा चहा. दोन दिवसांत उन्हाळ्याची सुटी लागली, त्यामुळे घरून कोणी फारसं अडवलं नाही.

यानाच्या आतला सेट त्यांनी एका जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये उभा केला होता. कापसाचा हंगाम संपलेला, शेड मोकळी पडलेली. प्लायवूड, पत्रा, रंगीत दिवे आणि एसटीसारख्याच दोन रांगांत खुर्च्या. कितीही झाडलं तरी कापसाचे तंतू हवेत तरंगायचे आणि सगळ्या यानाला सरकीचा वास यायचा. तंतूंचं काय करायचं म्हणून डायरेक्टरनं मला विचारलं. मी म्हटलं, अंतराळातली धूळ म्हणून दाखवा. ती यानाच्या आत कशी आली, असं विचारायच्या आत मी चहाकडे वळले. अवकाशात आवाज जात नाही, हेही मी त्यांना सांगून पाहिलं. त्यावर डायरेक्टर इतका दुःखी झाला की स्फोट तसेच राहू द्या म्हणून मीच सुटका करून घेतली.

पहिल्या दिवशीचा सीन सोपा होता. अकरा सैनिक यानात बसलेले. मेजर प्रभंजन सगळ्यांत शेवटी आत येतो, दार लावतो, कॅमेऱ्याकडे वळतो आणि म्हणतो, "उड्डाणास सज्ज!" एवढंच. साळूभाऊंना चांदण्या लावलेला निळा गणवेश घातला होता. गावच्या एका निवृत्त हवालदारानं आठवडाभर त्यांच्याकडून सलाम घोटून घेतला होता. कॅमेरा सुरू झाला. साळूभाऊ आत आले, दार लावलं. कॅमेऱ्याकडे न बघता सरळ खुर्च्यांमधून निघाले. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर बोटानं टक, टक. "एक, दोन, तीन..." अकरापर्यंत गेले, परत आले, दार उघडून बाहेर डोकावले. बाहेर दिवे धरून एकजण उभा होता. त्याला विचारलं, "येऊन राह्यले का? न्हाई? मंग बाजूला व्हा." दार लावलं. हात सवयीनं वर गेला. तिथं दोरी नव्हती. मग पत्र्यावर तळहातानं दोन थापा मारल्या, ठण ठण, आणि आवाज दिला, "चला, जाऊ द्या!"

यानाचा वैमानिक झालेला दुसरा एक मुंबईचा नट इतका दचकला की त्यानं खरंच समोरच्या दांड्या ओढायला सुरुवात केली.

सगळे पोट धरून हसले. साळूभाऊ ओशाळले, कान पकडून म्हणाले, "चुकलं. परत करतो." पण डायरेक्टर हसत नव्हता. तो म्हणाला, "परत नाही. आता प्रत्येक वेळी हेच करायचं."

दिवाळीनंतर मालिका लागली. रविवारी सकाळी दहाला. मेजर प्रभंजनला फार काही काम नव्हतं. नायक दुसरा होता, गोरा, केस कपाळावर घेणारा. मेजर दर रविवारी दोन-तीन मिनिटं यायचे, माणसं मोजायचे, पत्र्यावर ठण ठण करायचे आणि यान सुटायचं. पण पोरांना तेवढंच आवडायचं. माझ्या शाळेत मधली सुटी संपली की प्रत्येक वर्गाचा मॉनिटर बाकांवर टक टक करत पोरं मोजायला लागला आणि शेवटी दारावर दोन थापा पडल्याशिवाय कोणी पुस्तक उघडेना. पार लांबच्या आष्टी आणि वडीगोद्रीकडून लोक मुद्दाम आमच्या गाडीनं यायला लागले. लेकरं सलाम ठोकायची. साळूभाऊही टाच जुळवून उलट सलाम करायचे आणि लगेच म्हणायचे, "आत सरका."

घरी मात्र त्यांना बढती मिळाली नव्हती. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई फटकळ आणि प्रेमळ. मी एकदा त्यांच्या घरी गेले तर मला म्हणाल्या, "म्याडम, टीव्हीत एवढे सगळ्यांला मोजून राह्यले. घरात चार माणसं हायेत, जेवायला बसताना कधी इचारलं न्हाई का सगळे आले का म्हणून." साळूभाऊ ताटावरून उठले, पाहुणी धरून चौघांच्या पाठीवर टक टक केलं, पाचवी टक स्वतःच्या छातीवर केली आणि म्हणाले, "पाच. भरले. आता वाढ." द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसत राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या भागाचं शूटिंग त्याच शेडमध्ये सुरू झालं. डायरेक्टरनं साळूभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं की तिसरा भाग मुंबईत मोठ्या स्टुडिओत होणार आणि त्यात मेजर प्रभंजन सेनापती होणार. पडद्यावर पूर्ण वेळ. ही बातमी त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीत फुटली आणि टेंभुर्णी यायच्या आत पेढे वाटून झाले. साळूभाऊ आतून फार खूश होते. त्यांनी मला विचारलं, "म्याडम, सेनापती झाल्यावर बी मोजू देतील न?"

आणि मग शेवटच्या आठवड्यात तो सीन आला.

डायरेक्टरनं समजावून सांगितलं, "साळूभाऊ, साधं आहे. शत्रू जवळ आलाय. यान आत्ता उडालं नाही तर सगळे जातील. तेजस नावाचा आपला सैनिक जखमी होऊन खडकांत मागे पडलाय. तुम्ही मोजता. दहाच भरतात. तुम्ही दाराकडे बघता, डोळे मिटता, आणि डबल बेल देता. बस. लोक रडतील."

"लोक रडतील, ते बराबर हाये," साळूभाऊ म्हणाले. "पण बेल कशी दिऊ? एक माणूस बाकी हाये."

"अहो, म्हणून तर सीन आहे!"

कॅमेरा सुरू झाला. टक, टक, दहापर्यंत मोजून झालं. साळूभाऊंनी दाराकडे पाहिलं, डोळे मिटले, हात पत्र्याकडे गेला आणि तिथंच थांबला. डायरेक्टर म्हणाला, परत. परत तेच. तिसऱ्यांदाही हात वर जाऊन तसाच राहिला. हट्ट नव्हता तो. मी बघत होते, त्यांना खरोखर ती थाप मारायची होती. घामानं गणवेश भिजला होता. कोणीतरी ओरडलं, "मेजर, तेजस तिकडे चहा पितोय, बघा!" साळूभाऊ म्हणाले, "मला दिसून राह्यलं. पण मोजताना दहाच भरले."

डायरेक्टर वाईट माणूस नव्हता, पण दिवस मावळायच्या आत शॉट संपवायचा होता. तो चिडला. "हे जमत नसेल तर मला दुसरा मेजर बघावा लागेल. मग तिसरा भाग विसरा."

साळूभाऊ दहा मिनिटांची सवड मागून बाहेर गेले. शेडच्या मागं एक कडुनिंब आहे, त्याखाली जाऊन बसले. मी पाण्याचा ग्लास घेऊन गेले. त्यांनी ग्लासाकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"रफिकभाईनं सांगितलं असंल तुम्हाला," ते म्हणाले. "त्या बाईनं शिव्या दिल्या असत्या न म्याडम, तं म्या इसरून गेलो असतो. पण तिनं पाणी पाजलं. आता खोटी खोटी बी बेल दिली तं ती बाई पाहून राह्यली आसं वाटतं. रविवारी तिच्या घरी बी टीव्ही लागत असंल का न्हाई?"

विज्ञानाचं पुस्तक अशा वेळी कामाला येत नाही. मी एवढंच म्हटलं, "साळूभाऊ, जे पटत नाही ते करू नका. सेनापती काय, कोणीही होईल." पण ते वाक्य म्हणताना गाडीत वाटलेले पेढे मला आठवत होते, आणि त्यांनाही आठवत असणार.

ते बराच वेळ पायाखालची माती बोटानं उकरत बसले. मग एकदम उठले. पाणी एका दमात प्यायले, तोंड पुसलं आणि शेडमध्ये जाऊन डायरेक्टरसमोर उभे राहिले.

"साहेब, यान जाऊ द्या. दहा माणसांचा जीव हाये, थांबून जमणार न्हाई. म्या खाली उतरतो."

"म्हणजे?"

"कंडक्टर खाली उतरून बी बेल देतो. गाडी मागं घ्यायची असली, चिखलातून काढायची असली, तं आम्ही भायेरून पत्र्यावर थाप मारतो. डायवरला कळतं. म्या दार लावून घेतो, भायेरून दोन थापा मारतो. यान जाईल. अन् तेजसपाशी कोणीतरी ऱ्हाईल."

डायरेक्टर त्यांच्याकडे बघतच राहिला. "पण मेजर संपला मग. त्या ग्रहावर राहिला. तिसऱ्या भागात तुम्ही नाही, कळतंय ना?"

"हाव. समजून राह्यलं."

डायरेक्टरनं टोपी काढली, परत घातली. मग त्याला काय आठवलं कोण जाणे, तो माझ्याकडे वळला. "मॅडम, त्या ग्रहावर हवा नाही. बाहेरून मारलेली थाप आत ऐकू येईल?"

दोन उन्हाळे मी त्या सेटवर चहा पीत बसले होते, ते बहुधा या एका प्रश्नासाठी. मी म्हटलं, "येईल. हवा नसली तरी पत्र्यातून कंप जातो. आत हवा आहे, आतल्यांना स्पष्ट ऐकू येईल." सगळ्या मालिकेत विज्ञानाला धरून असलेली ती एकच गोष्ट, आणि ती एका कंडक्टरनं सुचवलेली.

शॉट पहिल्याच झटक्यात झाला. मेजर मोजतात. दहा. वैमानिकाच्या खांद्यावर हात ठेवतात, बाहेर पडतात, दार ओढून घेतात. कॅमेरा आतच राहतो. आतले दहा जण पत्र्याकडे बघताहेत. ठण. ठण. वैमानिक झालेल्या नटानं दांडी ओढली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते ग्लिसरिनचं नव्हतं.

तो सीन लागला त्या रविवारी साळूभाऊंच्या ओसरीवर अर्धं गाव बसलं होतं. मी जालन्याहून मुद्दाम गेले होते, रफिकभाई सुटी टाकून आले होते. पडद्यावर यान वर गेलं आणि खाली लाल मुरमात निळ्या गणवेशातले मेजर जखमी तेजसला पाणी पाजताना दिसले. ते पाणी पाजणं लिहिलेलं नव्हतं, साळूभाऊंनीच केलं होतं. हवा नसलेल्या ग्रहावर ते कसं जमलं, याचा हिशेब मी मांडला नाही. रफिकभाईंनी रुमालानं नाक पुसलं आणि म्हणाले, "क्या बेल दी, भाई!" द्वारकाबाई मात्र काळजीत पडल्या होत्या. "आता तिथं यांला भाकर कोण करून घालंल?" त्यांनी विचारलं, आणि मग सगळी ओसरी हसायला लागली. साळूभाऊही हसले. सेनापतीपद गेलं याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर मी बरंच शोधलं. मला ते सापडलं नाही. उद्याच्या ड्यूटीसाठी ते खाकीला इस्त्री करायला बसले होते.

तिसरा भाग मुंबईत झाला. त्यात खूप स्फोट होते. मेजरला आणायला यान काही परत गेलं नाही. या गोष्टीचा माझ्या वर्गातल्या पोरांना फार राग आला आणि खरं सांगायचं तर मलाही आला. एका मुलीनं गाडीतच साळूभाऊंना विचारलं, "मेजर, तुम्हाला न्यायला कोणीच कसं नाही आलं?" ते म्हणाले, "येतील न बाई. गाडी लेट असंल."

यंदा साळूभाऊ निवृत्त झाले. दुपारी जाफराबादच्या आगारात शाल, नारळ, हार, भाषणं असं सगळं झालं. तिकिटाचं मशीन आणि बॅग त्यांनी वंदनाताईंच्या हवाली केली. वंदनाताई तीन वर्षांपूर्वी नोकरीला लागल्या, सगळं काम त्यांच्याकडूनच शिकल्या. साळूभाऊंना घरी न्यायला पुतण्या मोटरसायकल घेऊन येणार होता, म्हणून ते साडेपाचच्या आमच्या गाडीला निरोप द्यायला फलाटावर उभे राहिले. गळ्यात हार, काखेत नारळ. मी खिडकीतून बघत होते. असं खाली उभं असलेलं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

वंदनाताईंनी मोजायला सुरुवात केली. टक, टक, मागपर्यंत गेल्या, परत आल्या. मशीन बघितलं. त्रेचाळीस तिकिटं, त्रेचाळीस माणसं. रफिकभाईंनी गाडी चालू केली होती. वंदनाताईंचा हात दोरीकडे गेला आणि थांबला.

"गाडी बंद करा, रफिकभाई. एक माणूस बाकी हाये."

खाली उभ्या साळूभाऊंच्या कानावर ते पडलं मात्र, हारासकट ते वळले. "कोण ऱ्हायलं? थांबा, थांबा, बेल दिऊ नका, म्या पाहतो." आणि नारळ सांभाळत ते झपाझप नळाकडे निघाले. नळावर कोणी नव्हतं. कँटीनमध्ये डोकावले. तिथून मुतारीकडे जाऊन "कोणी हाये का जालन्याचं?" म्हणून आवाज दिला. गाडीतले त्रेचाळीस जण खिडक्यांतून बघत होतो. आधी कोणाला काही उमगलं नाही. मग रफिकभाई खो खो हसत सुटले, आणि वंदनाताईंनी दारात येऊन डोळे पुसत हाक मारली, "मेजर! अहो, तुम्ही! तुम्हीच बाकी हायेत!"

साळूभाऊ फलाटाच्या मधोमध थांबले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, सगळ्या खिडक्यांकडे पाहिलं. "अरे, पण पुतण्या यिऊन राह्यला मोटरसायकल घिऊन," ते पुटपुटले.

"येऊ द्या. मागून येईल," मी ओरडले. "तुमच्याशिवाय बेल नाही."

ते चढले. पायरीवर सवयीनं मान वाकवली. वंदनाताईंनी त्यांना कंडक्टरची सीट देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. माझ्या शेजारी येऊन बसले. वंदनाताईंनी पेनानं आमच्या सीटच्या पाठीवर एकदा टक केलं, म्हणाल्या, "चव्वेचाळीस," आणि दोरी दोनदा ओढली. साळूभाऊ खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. ते हसताहेत की रडताहेत हे मी बघायला गेले नाही. दोन्ही असावं.

टेंभुर्णीच्या अलीकडे त्यांच्या गावचा फाटा लागतो. तिथं गाडी थांबवायची सिंगल बेल झाली. द्वारकाबाई फाट्यावर उभ्या होत्या, त्यांना फोनवर कळलं होतं. साळूभाऊ एकटेच उतरले. नारळ त्यांनी द्वारकाबाईंच्या हातात दिला, दार स्वतः ओढून घेतलं आणि गाडीच्या बाजूला सरकले. आत वंदनाताई दोरीला हात घालणार, तेवढ्यात बाहेरून पत्र्यावर थाप पडली. ठण. ठण.

रफिकभाईंनी वंदनाताईंकडे बघितलंसुद्धा नाही. गिअर टाकला.

मी मागच्या काचेतून बघत राहिले. फाट्यावर खाकीतले साळूभाऊ, गळ्यात झेंडू, शेजारी नारळ घेतलेल्या द्वारकाबाई. गाडी लांब जात होती आणि त्यांचं बोट हवेत हलत होतं. खिडकीमागून खिडकी, ते आम्हाला मोजत होते. आम्ही त्रेचाळीसच्या त्रेचाळीस होतो.